आधी हिशेब, मग चंद्र



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या सरांचे अनेक विद्यार्थी आज सभागृहात बसले आहेत. सरांविषयी अध्यक्षा बोलल्याच आहेत, मी त्यात एवढीच भर घालतो की 'हे कशावरून?' असं विचारल्याशिवाय सरांच्या तासाला कुठलंही उत्तर फळ्यावर चढत नसे. म्हणून मी आज असा एक चंद्र निवडला आहे की ज्याच्याबाबतीत 'काय आहे?' यापेक्षा 'कशावरून?' हाच प्रश्न जास्त रंगतदार ठरतो.

चंद्राचं नाव कॉर्डेलिया. ग्रह युरेनस, आपल्या पंचांगात जो 'हर्षल' म्हणून छापला जातो तो. विल्यम हर्षलनं १७८१ साली तो शोधला, तेव्हापासून त्याच्या सूर्याभोवती जेमतेम तीन फेऱ्या होत आल्या आहेत, कारण त्याचं एक वर्ष आपल्या ८४ वर्षांचं. सूर्यापासूनचं त्याचं अंतर सुमारे २९० कोटी किलोमीटर. या ग्रहाच्या ज्ञात चंद्रांपैकी सगळ्यात आतला, ग्रहाला अगदी खेटून फिरणारा चंद्र म्हणजे कॉर्डेलिया. तिचा सरासरी व्यास ४० किलोमीटरच्या आसपास, आणि आकारही धड गोल नाही, लांबट. युरेनसच्या केंद्रापासून ती साधारण ४९,७५० किलोमीटरवर आहे, म्हणजे ढगांच्या माथ्यापासून पाहिलं तर २४,००० किलोमीटरवर. आपला चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरहून दूर असतो आणि एका फेरीला सत्तावीस दिवस घेतो. कॉर्डेलियाची फेरी आठ तासांत संपते.

एवढी माहिती कुठल्याही तक्त्यात सापडते. पण चाळीस किलोमीटरचा हा काळाकुट्ट दगड-बर्फाचा तुकडा कुणाला हवा कशासाठी होता, हे तक्त्यात सापडत नाही. तो खरोखरच हवा होता. दिसण्याच्या सात वर्षं आधी त्याची गरज कागदावर मांडून झाली होती.

त्यासाठी आधी १० मार्च १९७७ या तारखेकडे जाऊ.

तूळ राशीतल्या एका मंद ताऱ्यासमोरून त्या दिवशी युरेनस जाणार होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा तारा, यादीतला एक क्रमांक, याखेरीज त्याची काही ओळख नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेतले गॉर्डन टेलर हे अशा घटनांचे भविष्य वर्तवण्यात वाकबगार, त्यांनी चारेक वर्षं आधीच ही वेळ काढून ठेवली होती. ग्रहानं ताऱ्याला झाकण्याला आपण पिधान म्हणतो. पिधानाचा उपयोग असा की तारा किती वेळ झाकला गेला यावरून ग्रहाचा आकार कळतो, आणि तो विझताना कसा विझला यावरून ग्रहाचं वातावरण कळतं. कडी शोधायला त्या रात्री कुणीच बसलेलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.

कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स इलियट, एडवर्ड डनहॅम आणि जेसिका मिंक हे तिघं 'कायपर' या उडत्या वेधशाळेत होते. एका मालवाहू जेट विमानाच्या पोटात ९१ सेंटिमीटरची दुर्बीण बसवलेली, आणि विमान पर्थहून निघून हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर. तारा युरेनसपेक्षा कितीतरी मंद असल्यानं ग्रहाच्या उजेडात तो हरवून जाण्याची भीती होती. म्हणून त्यांनी मिथेन वायू जो तांबडा आणि अवरक्त प्रकाश गिळतो नेमका तोच प्रकाश मोजायचं ठरवलं. युरेनसच्या वातावरणात मिथेन भरपूर, त्यामुळे त्या रंगांत ग्रह काळवंडतो आणि तारा उठून दिसतो. वेळेच्या अंदाजात चूक असू शकते म्हणून यंत्रं बरीच आधी सुरू करून ठेवलेली.

मुख्य पिधानाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ असतानाच नोंदीच्या कागदावरची रेघ एकदम खाली आली, काही सेकंद तिथेच राहिली आणि पुन्हा वर गेली. ढग आडवा आला का? बारा किलोमीटर उंचीवर कुठला ढग. दुर्बीण हलली का? नाही. मग आणखी एक खाच, मग आणखी. या जास्तीच्या खाचा अगदी चिमुकल्या, सेकंदाभराच्या. विमानातल्या मंडळींच्या मनात पहिल्यांदा छोटे उपग्रहच आले. पण ग्रहानं तारा झाकला, सोडला, आणि दुसऱ्या बाजूलाही तशाच खाचा तशाच ओळीनं आल्या. ग्रहाच्या मध्यापासूनची अंतरं जुळवून पाहिली तर आतल्या चारही खाचा दोन्हीकडे जुळत होत्या. उपग्रह इतके शहाणे नसतात. ही कडी होती. सगळ्यात बाहेरची, रुंद खाच मात्र दोन बाजूंना जुळेना, आणि त्याचं कारण पुढे कळलं ते म्हणजे ते कडं वर्तुळाकार नव्हतंच, किंचित लंबगोल होतं. त्याला एप्सिलॉन असं नाव मिळालं. कॉर्डेलियाचा संबंध याच कड्याशी आहे.

त्याच रात्री तमिळनाडूतल्या जवादी डोंगरांत, कावलूरच्या वेधशाळेतही एक दुर्बीण या ताऱ्यावर रोखलेली होती. एक मीटर व्यासाची झाइसची दुर्बीण १९७२ साली तिथे बसली होती आणि त्याच वर्षी गुरूच्या गॅनिमीड या चंद्रानं एक तारा झाकला तेव्हा तिथल्या लोकांनी पिधानाचा हात बसवून घेतला होता. जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांना त्यांच्या नोंदीत एक स्पष्ट खाच मिळाली. त्यांनी तिचा अर्थ लावला तो असा की युरेनसला एक नवा उपग्रह आहे.

२६ मे १९७७ च्या 'नेचर'मध्ये तीन टिपणं एकापाठोपाठ एक छापली गेली. पहिलं इलियट आणि मंडळींचं, कडी जाहीर करणारं. दुसरं पर्थच्या वेधशाळेतून घेतलेल्या वेधांचं, तेही कड्यांचं. तिसरं कावलूरचं, आणि त्याचं शीर्षक होतं युरेनसच्या नव्या उपग्रहाचं. मला ही तीन पानं शेजारी-शेजारी पाहताना नेहमी मजा वाटते. तिन्ही ठिकाणी ताऱ्याचा उजेड त्याच वस्तूनं अडवलेला. कावलूरची खाच ही एप्सिलॉन कड्याचीच होती.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडच्या काही लेखांतून आणि भाषणांतून 'युरेनसची कडी भारतीयांनी शोधली' असं ठासून सांगितलं जातं. दुसऱ्या टोकाला, आपल्या लोकांनी तेव्हा उपग्रह म्हटलं म्हणून तो सगळा प्रसंग झाकून ठेवणारेही भेटतात. दोघांचंही मला पटत नाही. कावलूरची नोंद निर्दोष होती, वेळ अचूक होती, खाच खरी होती. एकाच खाचेवरून कडं की उपग्रह हे ठरवता येत नाही, त्याला ग्रहाच्या दोन्ही बाजू लागतात. त्याच वर्षी भट्टाचार्य आणि वेधशाळेचे संस्थापक वेणू बाप्पू यांनी युरेनसभोवती शनीसारखी कडी असल्याचं 'नेचर'मध्येच लिहिलं. आपण काय पाहिलं आणि त्याचा काय अर्थ काढला हे त्यांनी दोन्ही वेळा छापून मोकळं केलं होतं, त्यामुळे आज आपण दोन्ही तपासू शकतो. अभिमान बाळगायचाच असेल तर याचा बाळगावा.

बरं, कडी सापडली. पण सापडली तीच मोठी अडचण घेऊन.

शनीची कडी पसरट, हजारो किलोमीटर रुंद. युरेनसची कडी म्हणजे ओढलेल्या दोऱ्या. एप्सिलॉन या सगळ्यांत जाड, पण त्याचीही रुंदी ग्रहाच्या जवळच्या टोकाला २० किलोमीटर आणि लांबच्या टोकाला ९६. परीघ मात्र तीन लाख किलोमीटरहून जास्त. बाकीची कडी तर बहुतेक दहा किलोमीटरच्या आतच. आता कड्यातले कण एकमेकांना सतत घासत, टकरत फिरत असतात. आतले कण वेगवान, बाहेरचे संथ. टकरीत वेगवानाचा संवेग संथाला मिळतो, मग आतला आणखी आत जातो आणि बाहेरचा आणखी बाहेर. म्हणजे कडं पसरतच जायला हवं, कडा पुसट व्हायला हव्यात. सूर्यमालेच्या वयाच्या मानानं हे फार लवकर घडायला हवं होतं. एप्सिलॉनच्या कडा मात्र सुरीनं कापल्यासारख्या. कुणीतरी त्याला दोन्हीकडून आवरून धरलेलं असणार.

१९७९ साली पीटर गोल्डराइख आणि स्कॉट ट्रमेन यांनी या 'कुणीतरी'चा हिशेब मांडला. कड्याच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन छोटे चंद्र असतील तर कडं पसरणार नाही, असं त्यांनी दाखवलं. ज्योतिर्विज्ञानात अशा चंद्रांना मेंढपाळ म्हणतात. आपल्या धनगरांना मेंढरं माळावर पांगू न देता एका वाटेनं नेताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना उपमा लगेच कळेल. फक्त धनगर कळपाला हाकतो, आणि चंद्राकडे हाकायला काही नाही. त्याच्याकडे गुरुत्वाकर्षण आहे आणि ते फक्त ओढतं. ओढणाऱ्या हातानं ढकलायचं कसं?

हे जरा सावकाश घेऊ, कारण सगळी गंमत इथेच आहे.

कॉर्डेलिया कड्याच्या आतल्या बाजूला आहे, म्हणून तिचा वेग कड्यातल्या कणापेक्षा जास्त. ती मागून येते, कणाच्या बाजूनं पुढे निघून जाते. मागे असताना ती कणाला मागे खेचते, पुढे गेल्यावर पुढे खेचते. दोन्ही ओढी सारख्या असत्या तर जमाखर्च शून्य झाला असता. पण ओलांडलं जाताना कण तिच्याकडे थोडासा सरकलेला असतो. म्हणजे दुसऱ्या भागात दोघांतलं अंतर पहिल्यापेक्षा किंचित कमी, आणि म्हणून पुढची ओढ मागच्या ओढीपेक्षा किंचित वरचढ. कणाला पुढच्या दिशेनं जराशी बढती मिळते. कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला पुढे ढकललं की ती बाहेरच्या कक्षेत जाते. झालं. आत असलेल्या चंद्रानं कणाला स्वतःकडे ओढलं आणि परिणाम म्हणून कण त्याच्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला गेला. कड्याबाहेर असलेला दुसरा चंद्र याच्या नेमकं उलट करतो. तो कणांपेक्षा हळू, म्हणून कणांना मागे खेचून आत ढकलतो.

या सगळ्यात कणांच्या आपसातल्या टकरीही लागतात. चंद्र जवळून गेल्यावर कणाची वाट नागमोडी होते. ती तशीच राहिली तर पुढच्या भेटीत मिळवलेलं परतही जाऊ शकतं. पण शेजाऱ्यांशी टकरून ती नागमोड विरते आणि मिळालेली बढती कायम होते. म्हणजे ज्या टकरी कड्याला पसरवत होत्या त्याच टकरींच्या मदतीनं चंद्र कड्याला आवरतो. कॉर्डेलियाच्या बाबतीत कणाशी पुन्हा गाठ पडायला साधारण आठ-साडेआठ दिवस लागतात. कारण कड्याच्या आतल्या काठावरचा कण २४ फेऱ्या मारतो तेवढ्यात तिच्या बरोबर २५ होतात. या पूर्णांकांच्या मेळामुळे धक्के दर वेळी ठरल्या जागी, ठरल्या तालात बसतात आणि काठ धारदार राहतो.

पण १९७९ मध्ये कॉर्डेलिया कुठे होती? कागदावर.

व्हॉयेजर-२ या यानाला त्या वेळी अजून शनीचं काम आटोपून युरेनसकडे वळायचं होतं. १९८६ च्या जानेवारीत ते तिथे पोचलं. तोपर्यंत यानाचं वय आठ वर्षांहून जास्त झालं होतं आणि कॅमेऱ्याचा फिरता मंच शनीपाशी एकदा अडकूनही झाला होता. युरेनसपाशी ऊन आपल्याकडच्या उन्हाच्या सुमारे ३७० व्या हिश्श्याइतकं. कडी आणि आतले चंद्र तर कोळशाइतके काळे. फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा कित्येक सेकंद उघडा ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात यान पुढे सरकून चित्र फासलं जाणार. यावर उपाय म्हणून नियंत्रकांनी अख्खं यानच हळूहळू वळवत ठेवलं, फोटोच्या विषयाकडे तोंड धरून. पावणेतीन तासांच्या अंतरावरून रेडिओ संदेशानं हे करून घ्यायचं होतं.

२० जानेवारी १९८६ ला, यान ग्रहाच्या सगळ्यात जवळ जाण्याच्या चार दिवस आधी, एप्सिलॉनच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके सापडले. त्यांचं पहिलं नामकरण निव्वळ सरकारी थाटाचं, १९८६-यू-७ आणि १९८६-यू-८. दुसऱ्या दिवशी ४१ लाख किलोमीटरवरून घेतलेलं चित्र आजही सहज पाहायला मिळतं, आणि ते सावकाश पाहण्यासारखं आहे. त्यात कडं हे एक उजळ वळण आहे. त्याच्याभोवती काळा पट्टा दिसतो, पण तो खरा नाही, चित्रातला मंद तपशील उठावदार करण्याच्या प्रक्रियेत तो उमटला आहे. कड्यावर अधूनमधून गाठी दिसतात, त्याही खोट्या. आतली बाकीची कडी डोळे ताणले तरच कळतात. आणि वळणाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक असे दोन बारके ठिपके. चित्रातला एक बिंदू म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ३६ किलोमीटर, आणि हे चंद्र स्वतःच जेमतेम तेवढे. म्हणजे ज्याला आपण दर्शन म्हणतो ते एका-दोन बिंदूंचं आहे. ते बिंदू खरे आणि गाठी खोट्या हे ठरलं ते एकापाठोपाठच्या चित्रांमध्ये हे दोन बिंदू हिशेबानं ठरलेल्या वेगानं सरकले म्हणून. बाहेरच्याचं नाव पुढे ऑफिलिया ठेवलं. तिच्या १३ फेऱ्यांत कड्याच्या बाहेरच्या काठाच्या १४ होतात.

व्हॉयेजरनं त्या एका भेटीत दहा नवे चंद्र दिले. त्याआधी गेल्या दोनशे वर्षांत मिळून पाच माहीत होते. यान ग्रहाच्या सगळ्यात जवळून गेल्यावर चार दिवसांनी, २८ जानेवारीला, चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर स्फोट होऊन कोसळलं, सात अंतराळवीर गेले, आणि युरेनसची बातमी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत गेली. ते साहजिकच होतं.

नावाबद्दल दोन वाक्यं. युरेनसच्या चंद्रांना शेक्सपिअर आणि पोप यांच्या पात्रांची नावं देण्याची रीत हर्षलच्या मुलानं, जॉननं पाडली. कॉर्डेलिया ही 'किंग लिअर'मधली धाकटी मुलगी. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' मराठीत आणला तिथे ती भेटते. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये मात्र आप्पासाहेबांना तिच्यासारखी मुलगी मिळत नाही. नावावरून चंद्राच्या स्वभावाचे अर्थ काढू नयेत, पण इतर चंद्रांपेक्षा कॉर्डेलिया आणि ऑफिलिया या दोघींना नाटक जास्त चिकटलं आहे हे खरं. व्हॉयेजर निघून गेल्यावर अकरा वर्षं कॉर्डेलिया पुन्हा कुणाला दिसली नाही. १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या चित्रांत ती परत सापडली.

आता या राखणीची किंमत. कणांना पुढे ढकलताना कॉर्डेलियाचा स्वतःचा संवेग कमी होतो. बढती कुणाला दिली तर ती आपल्याच खात्यातून जाते. त्यामुळे ती हळूहळू आत, ग्रहाकडे सरकते आणि ऑफिलिया बाहेर. त्यात भर अशी की युरेनस स्वतःभोवती सव्वासतरा तासांत फिरतो आणि कॉर्डेलिया आठ तासांत त्याच्याभोवती. चंद्र ग्रहाच्या गिरकीपेक्षा वेगानं फिरत असला की भरती-ओहोटीची ओढ त्याला मागे खेचते. आपल्या चंद्राचं उलट आहे, तो दर वर्षी काही सेंटिमीटर दूर जातो. कॉर्डेलियावर दोन्ही कारणं एकाच दिशेनं काम करतात, आतल्या दिशेनं.

तिच्या शेजारचं चित्रही शांत नाही. युरेनसच्या ढगांपासून एक लाख किलोमीटरच्या आत चौदा छोटे चंद्र दाटीवाटीनं फिरतात. त्यांच्या कक्षांचं गणित पुढे चालवून पाहणाऱ्यांना दिसलं की ही मांडणी फार काळ टिकणारी नाही. क्रेसिडा आणि डेस्डिमोना यांची टक्कर सुमारे दहा लाख वर्षांत होईल असा एक अंदाज आहे. क्युपिड आणि बेलिंडा यांच्याही कक्षा अडचणीत आहेत. चंद्र आदळायचे, तुकडे व्हायचे, तुकड्यांची कडी व्हायची, कड्यांतून कदाचित पुन्हा चंद्र जमायचे, असं तिथे आधीही घडलं असण्याची शक्यता बरेच अभ्यासक धरून चालतात. मला स्वतःला हे चित्र पटतं. अवघ्या काही लाख वर्षांत बिघडणारी व्यवस्था साडेचार अब्ज वर्षं तशीच होती असं मानायला जास्त धाडस लागतं.

आणि गोल्डराइख-ट्रमेन यांचा हिशेब? एप्सिलॉनला दोन मेंढपाळ मिळाले, कॉर्डेलिया आणि ऑफिलिया यांनी शेजारच्या गॅमा आणि डेल्टा कड्यांच्या एकेका काठालाही हात दिला आहे असं दिसतं. पण आल्फा, बीटा आणि आतली, नुसते ४, ५, ६ असे आकडे असलेली कडी यांना कोण आवरतं? (हे आकडे आणि ग्रीक अक्षरं एकत्र कशी आली म्हणाल तर पर्थवाल्यांनी खाचांना आकडे दिले होते आणि इलियटनी अक्षरं, आणि दोघांचीही थोडीथोडी राहिली. समितीतून निघालेल्या ठरावासारखं.) व्हॉयेजरला तिथे एकही चंद्र दिसला नाही. गोल्डराइख-ट्रमेन यांचं बरोबर ठरलं, हे आपण मोठ्या आनंदानं सांगतो, पण त्यांचा नियम तिथल्या बहुतेक कड्यांच्या बाबतीत अजून साक्षीदाराविना उभा आहे.

२०१६ मध्ये रॉब चान्सिया आणि मॅथ्यू हेडमन यांनी व्हॉयेजरच्या तीस वर्षं जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. यानानं पृथ्वीकडे पाठवलेला रेडिओ संदेश कड्यांमागून जाताना कसा मंद झाला, याच्या नोंदी. पिधानच ते, फक्त ताऱ्याऐवजी यान. आल्फा आणि बीटा कड्यांच्या काठाशी त्यांना लाटांसारखी एक रचना दिसली. तिचा मेळ लावायचा तर प्रत्येक कड्याच्या किंचित बाहेर चार ते चौदा किलोमीटरचा एकेक चंद्र लागतो. २ फेब्रुवारी २०२५ ला जेम्स वेब दुर्बिणीनं मरियम एल मुतामिद यांच्या गटासाठी युरेनसची चित्रं घेतली, त्यांत एक नवा, सुमारे दहा किलोमीटरचा चंद्र सापडला. युरेनसचे चंद्र एकूण २९ झाले. पण तो आहे ऑफिलिया आणि बियांका यांच्या मध्ये, आल्फा-बीटाच्या पुष्कळ बाहेर. चान्सिया आणि हेडमन यांचे दोन्ही चंद्र अजून कागदावरच आहेत. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली आपल्या दहा वर्षांच्या आराखड्यात युरेनसभोवती फिरत राहणारं यान हे मोठ्या मोहिमांमध्ये पहिल्या क्रमांकावर ठेवलं आहे. त्या यानाच्या कॅमेऱ्यानं आधी कुठे पाहायचं, ते अंतर चान्सिया आणि हेडमन यांनी काढून ठेवलेलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.